सव्वा महिन्याचं माप

शैलजाबाईंचा फोन परातीशेजारी ठेवलेला होता. तो दोनदा थरथरला आणि पडद्यावर लाल पट्टी आली. ‘ईश्वरी यांचा ताण त्यांच्या नेहमीच्या पातळीपेक्षा वर गेला आहे. कृपया त्यांच्याशी प्रेमाने बोला.’

शैलजाबाईंनी कणकेचे हात वर धरून, मान वाकडी करून ते वाचलं आणि बाहेरच्या खोलीकडे तोंड करून सुनेला विचारलं, "आता मी काय केलं?"

त्यांनी काही म्हणजे काही केलं नव्हतं. ईश्वरी तान्ह्या ओवीचा लंगोट बदलत होती आणि बदलता बदलता तिला दहा जानेवारीची आठवण झाली होती, एवढंच. हे समजावून सांगायला ती उठून स्वयंपाकघराच्या दारात आली. दर वेळी तुमच्यामुळेच होतं असं नाही आई, मलाही माझे विचार असतात, असं सांगता सांगता ती बऱ्यापैकी तापली. तेवढ्यात डाव्या दंडात मुंगी चावल्यासारखं झालं. तीन-चार मिनिटांत तिचा राग गॅस बंद केलेल्या दुधासारखा खाली बसला. वाक्याचा शेवट काय करायचा होता तेच तिला आठवेना. ती हसली, आणि शैलजाबाईंचा फोन हिरवा झाला.

बोलून टाकलं की कसं मोकळं वाटतं बघ, असं म्हणून शैलजाबाई पुन्हा कणीक मळायला लागल्या. बोलून टाकलेलं काहीच नव्हतं. मराठीत याला तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात. फरक इतकाच, की इथे तोंड दाबणारा हात ईश्वरीच्याच दंडात बसवलेला होता.

ईश्वरी खराडे टॉवर क्रेन चालवायची. इंद्रायणीवर जो नवा पूल होत होता त्याच्या कामावर, सत्तर मीटर उंचीच्या काचेच्या केबिनमध्ये बसून ती चाळीस टनांचे काँक्रीटचे तुकडे एकावर एक असे ठेवायची, की खालच्या माणसाला हाताने सरकवावं लागू नये. या कामासाठी तिने घरच्यांशी दोन वर्षं वाद घातला होता आणि लग्नाआधी हर्षदला स्पष्ट सांगितलं होतं, की क्रेन सुटणार नाही. हर्षद तेव्हा हो म्हणाला होता. लग्नाआधी सगळेच हो म्हणतात.

जुलैत ती फलटणला, माहेरी, बाळंत झाली. पहिलं बाळंतपण माहेरी, हे काही कुणी ठरवायला बसत नाही, ते ठरलेलंच असतं. तिथल्या रुग्णालयात त्या वर्षीपासून नव्या आयांना ‘समतोल’ बसवायला सुरुवात झाली होती. तांदळाच्या दाण्याएवढं यंत्र, कातडीखाली. हेतू चांगला होता. बाळंतपणानंतर कित्येक बायका खोल उदासीत जातात आणि घरच्यांना ते कळेपर्यंत फार उशीर झालेला असतो. ‘समतोल’मुळे ते आधी कळणार होतं.

ते कसं, हे थोडं समजून घ्यायला हवं. शरीरातल्या ग्रंथी रक्तातून निरोप धाडतात. त्या निरोपांना संप्रेरकं म्हणायचं, रोजच्या बोलण्यात हार्मोन. रक्त सगळीकडे फिरतं, पण प्रत्येक निरोप प्रत्येकाला लागू होत नाही; ज्या पेशीवर तो ओळखणारी जागा असते तीच पेशी हलते. संकट आलं, की मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन लहानशा ग्रंथी आधी ॲड्रेनलिन सोडतात. ते काही सेकंदांत काम करतं, छाती धडधडते, हात गरम होतात. मागून येतं कॉर्टिसॉल. ते सावकाश चढतं आणि सावकाशच उतरतं. ते उतरवायला बाहेरून कुणी लागत नाही. गच्चीवरच्या टाकीत पाणी भरलं की तरंगता गोळा वर येतो आणि नळ आपोआप बंद होतो. तसं रक्तात कॉर्टिसॉल पुरेसं झालं, की मेंदूच मागचा हुकूम थांबवतो.

आता हा गोळा कुठवर आला म्हणजे टाकी भरली म्हणायची, हे प्रत्येक माणसाचं वेगळं असतं. म्हणून ‘समतोल’ पहिले चाळीस दिवस काहीच करत नसे. नुसतं मोजायचं आणि त्या बाईचं ‘नेहमीचं’ शिकायचं. नंतर त्या नेहमीपेक्षा ती वर जायला लागली, की औषधाचा एक सूक्ष्म थेंब सोडून तिला खाली आणायचं, आणि घरच्या दोघांना फोनवर कळवायचं. ईश्वरीने रुग्णालयातल्या अर्जावर नवऱ्याचं आणि सासूचं नाव लिहिलं होतं. तेव्हा ते तिला फार समजूतदारपणाचं वाटलं होतं.

गौरी-गणपतीला ती बाळाला घेऊन मोशीला सासरी आली, आणि पहिल्याच दिवशी दोन्ही फोन लाल झाले. मग रोजच. ओवी रात्री चारदा उठली, लाल. पाणी गेलं, लाल. शेजारच्या काकू बाळाचं वजन विचारून गेल्या, लाल. शैलजाबाई सुरुवातीला घाबरल्या, मग दुखावल्या आणि शेवटी चिडल्या. फलटणला म्हणे चाळीस दिवस सगळं हिरवंगार होतं. मग आमच्या घरात काय विष घालतो का हिला, असं त्या फोनवर आपल्या बहिणीला सांगत होत्या. ईश्वरीने ते ऐकलं. फोन लाल झाला.

हर्षदचं आणखी निराळं. तो स्वभावाने वाईट नव्हता, पण माणूस सोयीला लवकर सोकावतो. रात्रीची एक तरी बाटली तू दे, असं ईश्वरी त्याला कळवळून सांगायला लागली, की तो मध्ये बोलायचाच नाही. मान डोलवत शांत उभा राहायचा. तिला आधी वाटलं, ऐकून घेतोय. मग एकदा तिच्या लक्षात आलं, की त्याची नजर भिंतीवरच्या घड्याळावर असते. चार मिनिटं काढली की बायको हसणार, हे त्याला पाठ झालं होतं. हे लक्षात आल्यावर तिला इतका संताप आला, की आजवर कधी आला नसेल. तो संतापही चार मिनिटं टिकला.

रागावायचं असतं त्या गोष्टी मनात साचत जात होत्या आणि एकही पुरी होत नव्हती. ती कागदावर लिहून ठेवायला लागली. दुसऱ्या दिवशी वाचलं, की कुणा भलत्याच बाईचं गाऱ्हाणं वाचल्यासारखं वाटायचं.

त्यात कामाच्या जागेवरून पत्र आलं. बाळंतपणाची रजा दहा जानेवारीला संपत होती. उंचीवर काम करणाऱ्या आणि ‘समतोल’ बसवलेल्या कर्मचाऱ्याला सलग चौदा हिरव्या दिवसांचा दाखला लागेल, तो नसेल तर तिला खाली गोदामात घेण्यात येईल आणि क्रेनची खुर्ची कायमची दुसऱ्याला दिली जाईल. खाली सही होती दाभाडेसाहेबांची, सुरक्षा अधिकाऱ्यांची. ईश्वरी त्यांना जाऊन भेटली. ते भले गृहस्थ होते, त्यांनी चहा मागवला आणि सांगितलं की नियम त्यांनी केलेला नाही. यंत्र काढून टाकलं तर, असं तिने विचारलं. काढा की, पण नोंदीत ते बसवलेलंच राहणार, मग दाखला कोण देणार, असं ते म्हणाले. ‘समतोल’च्या मदतवाहिनीला तिने अकरा वेळा फोन केला. तिथला गोड आवाज दर वेळी तेच सांगे, की यंत्र उत्तम चालू आहे, बिघाड नाही, आपण विश्रांती घ्यावी.

सलग चौदा हिरवे दिवस तिला सासरी कधी मिळालेच नव्हते. सर्वांत मोठा पल्ला तीन दिवसांचा होता, आणि त्या तीन दिवसांत तिला ताप होता.

तोडगा हर्षदने काढला. तुला फलटणला हिरवं असतं ना, मग दिवाळीला जा आणि चौदा दिवस राहा, दाखला घेऊनच ये. शैलजाबाईंना ते झोंबलं, पण त्यांनीही विरोध केला नाही. ईश्वरी बॅग भरून निघाली तेव्हा तिला खरंच हलकं वाटत होतं. मम्मीच्या हातचं जेवण, दुपारची झोप, आणि चौदा दिवसांनी खुर्ची परत.

पळसाला पानं तीनच, हे शाळेत घोकलं होतं, तरी माणूस फलटणचा पळस वेगळा समजतो. बाळंतपणात जी खोली तिची होती तिथे आता भावाचं शिलाईचं सामान रचलं होतं. मम्मीचे गुडघे धरले होते. डिंकाचे लाडू नव्हते, शेकशेगडी नव्हती. दिवाळीला आलेल्या लेकीने चकल्या पाडायला बसायचं असतं, तशी ती बसली. ओवी रात्री चारदा उठतच होती. मम्मीने तिला अगदी मायेने विचारलं, की आता भाऊबीज झाली की निघणार ना, म्हणजे भावाला गाडीचं सांगायला बरं. हर्षदचा मोशीहून फोन आला. सकाळपासून लालच दिसतंय, असं तो म्हणाला.

मम्मीने ते ऐकलं. तिचा चेहरा उतरला. आमच्याकडे काय कमी पडलं गं तुला, असं तिने विचारलं, हुबेहूब शैलजाबाईंच्या आवाजात. ईश्वरी उत्तर द्यायला गेली, आणि दंडात मुंगी चावली.

दुसऱ्या दिवशी ती ओवीला कडेवर घेऊन त्याच रुग्णालयात गेली. डॉक्टर नफीसा इनामदार तिथल्या ग्रंथितज्ज्ञ. यंत्र त्यांनीच बसवलं होतं. त्यांनी जुलैपासूनचा सगळा आलेख पडद्यावर लावला. मग त्यांनी विचारलं, की सुरुवातीचे चाळीस दिवस ती नेमकं काय करत होती.

ईश्वरीने सांगितलं. झोपायची. बाळाला पाजायची. मम्मी अंगाला तेल लावायची, न्हाऊ घालायची, खायला हातात आणून द्यायची. बाहेरचं कुणी यायचं नाही, कुणी काम सांगायचं नाही.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. अंगावर पाजणाऱ्या बाईच्या रक्तात प्रोलॅक्टिन आणि ऑक्सिटोसिन भरपूर असतं, आणि ती दोन्ही मिळून ताणाचे निरोप दाबून धरतात, हे त्यांनी समजावून सांगितलं. वर ही पूर्ण विश्रांती. त्या चाळीस दिवसांत ईश्वरीच्या टाकीतलं पाणी जन्मात कधी नव्हतं इतकं खाली होतं. यंत्राने तेच नेहमीचं समजून तिथे खूण केली.

"ज्यांनी हे बनवलं, त्यांच्याकडे बायका बाळंतपणासाठी कुठे जात नाहीत," डॉक्टर म्हणाल्या. "आणि आम्ही इथे बसून रोज सव्वा महिन्याच्या बायका बघतो, तरी आमच्या डोक्यात आलं नाही. तुमचं माप चुकीच्या दिवसांत घेतलं गेलंय. तुम्ही आजारी नाही आहात, ईश्वरी. तुम्ही नुसत्या बाळंतिणीच्या खोलीतून बाहेर आला आहात."

गणपतीपासून पहिल्यांदा कुणीतरी फोनकडे न बघता तिच्याकडे बघून बोललं होतं. ती रडली. यंत्राने तेही खाली आणलं.

उपाय एकच होता. जुनं माप पुसून नव्याने चाळीस दिवस शिकवायचं. त्या काळात थेंब नाही, लाल-हिरवं नाही, यंत्र फक्त मोजणार आणि रोज सकाळी अहवाल देणार. चौदा नोव्हेंबरला सुरू केलं तर चोवीस डिसेंबरला संपेल, पुढे चौदा हिरवे दिवस, म्हणजे सात जानेवारी. तीन दिवस हातात राहत होते. आणि पुसणं एकदाच करता येतं, दुसऱ्यांदा नाही. म्हणून डॉक्टरांनी बजावलं, की या दिवसांत जसं रोजचं आयुष्य आहे तसंच जगा. राग येईल तो येऊ द्या, चढू द्या आणि आपला आपण उतरू द्या. यंत्राला चढही दिसला पाहिजे आणि उतारही.

ती मोशीला परतली, आणि दाभाडेसाहेबांनी या वेळी मात्र नियमातून वाट काढली. वर जाता येणार नव्हतं, पण खाली सरावाची खुर्ची होती, क्रेनच्या केबिनसारखीच, समोर पडदे लावलेली. रोज तीन तास बसा, म्हणजे कामाचा ताणही मापात येईल, म्हणाले. तेवढे तीन तास ओवी आजीकडे.

सगळं नीट जमून आलं होतं, आणि नेमकं तिथेच घोडं अडलं. घरी कुणी नीट वागेनाच. म्हणजे जरा जास्तच नीट वागायला लागले. यंत्र मोजतंय म्हटल्यावर शैलजाबाईंनी आवाज अर्धा केला. ज्या घरात लाल पट्ट्या आल्या, त्या घराची अब्रू परत मिळवायची ही एकच संधी, असं त्यांनी मनाशी घेतलं होतं. सुनेला त्या ‘बाळा’ म्हणायला लागल्या. हर्षद न सांगता बाटल्या उकळायला लागला. शेजारच्या काकूंना दारातूनच परत पाठवण्यात आलं. ईश्वरीने दोघांना समोर बसवून डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. असंच चाललं तर माप पुन्हा खोटं लागेल, आणि पंचवीस डिसेंबरपासून तुम्ही मूळपदावर आलात की मी पुन्हा लाल. दोघांनी माना डोलवल्या, आणि शैलजाबाईंनी तिच्यापुढे बदाम घातलेलं दूध ठेवलं.

असे अकरा दिवस गेले. चाळीसातले अकरा. ती रोज मोजत होती. मागच्या वेळी माहेरच्या लाडांनी घात केला, आता सासरचे लाड करत होते.

बाराव्या दिवशी दुपारी चार वाजता ती सरावाहून परत आली. ओवी झोपली होती. ओट्यावर सहाण होती आणि सहाणेवर पिवळसर ओला डाग. ईश्वरीने बोट लावून बघितलं. बाळगुटी. बाळाच्या डॉक्टरांनी सहा महिने दुधाशिवाय थेंब नको म्हणून सांगितलं होतं, आणि ते शैलजाबाईंच्या समोर सांगितलं होतं.

तिने विचारलं. शैलजाबाई आधी गोड हसल्या. मग, हर्षदलाही पाजली होती, त्याला काय झालं, असं म्हणाल्या. ईश्वरी म्हणाली, हर्षदला काय झालं ते मी बघतेच आहे. ते शैलजाबाईंच्या वर्मी लागलं. त्यांचं हसू गेलं. ईश्वरीचा आवाज चढला. सवयीने ती दंडातल्या मुंगीची वाट बघत होती. मुंगी आली नाही. चार मिनिटं झाली, पाच झाली, राग होता तिथेच होता, आणि पाचव्या मिनिटाला काय बोलायचं असतं याची सवयच मोडल्यामुळे ती अडखळली. मग सापडलं. घड्याळ बघणारा नवरा, बहिणीला केलेले फोन, ‘आता मी काय केलं’ हे रोजचं पालुपद, गणपतीपासूनचं सगळं बाहेर आलं.

शैलजाबाईही मागे हटल्या नाहीत. यंत्र मोजतंय हे त्या साफ विसरल्या. घर कोण सांभाळतं, पोर कोण सांभाळतं, कंबर कुणाची मोडते, हे सगळं झालं. आणि मग त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"तुझं लाल आलं ना, की मला बरं वाटायचं," त्या म्हणाल्या.

ईश्वरीने सहाण बाजूला सारली.

"वाटायचं, चला, अजून काही दिवस ही वर जात नाही. तू क्रेनवर असलीस की संध्याकाळपर्यंत माझ्या पोटात गोळा असतो. तीन वर्षं हेच चाललंय. वारा सुटला की मी गॅलरीत जाऊन उभी राहते. आता तर तुझी पोर आहे. खोटं कशाला बोलू, एक-दोनदा मी मुद्दाम टोचून बोलले. लाल यावं म्हणून."

"माझी खुर्ची जाणार होती, आई."

"माहीत होतं."

"आणि मला वाटत होतं, मला वेड लागतंय."

"तेवढं माहीत नव्हतं," शैलजाबाई म्हणाल्या. "तुला मोजायला यंत्र होतं. मला कुणी काही लावलं नाही, म्हणून माझं कुणाला दिसलं नाही."

ईश्वरीला हे ऐकून दया आली असं नाही. तिला भयंकर राग आला, आणि तो तिने लपवला नाही. तुम्ही हे सरळ बोलायचं होतं, असं तिने सासूला सांगितलं. भीती तुमची आणि शिक्षा मला, हे मी सहन करणार नाही, आणि दहा जानेवारीला मी वर जाणार म्हणजे जाणार.  दोघी ओट्याच्या दोन टोकांना उभ्या होत्या. ईश्वरीचे हात अर्धा तास गरम होते. मग हात निवले, मग तहान लागली, मग ओवी उठली. राग उतरला होता. कुणी उतरवला नव्हता.

रात्री ती खूप दिवसांनी गाढ झोपली.

सकाळी फोनवर दिवसाचा अहवाल आला होता. तिने तो उभ्या उभ्याच वाचला. ‘काल दुपारी ४.१२ ते ५.२० या वेळेत तीव्र चढ-उतार आढळला. ही नोंद इतर दिवसांशी जुळत नसल्याने अपवाद समजून वगळण्यात आली आहे. अशी नोंद आणखी किमान दोन दिवस आढळल्यास ती नेहमीची मानली जाईल.’

तिने ते पुन्हा वाचलं. अख्खी कालची दुपार यंत्राने केर काढावा तशी काढून टाकली होती. ओरडावं की डोकं आपटावं हे न कळून ती स्वयंपाकघरात गेली आणि फोन शैलजाबाईंच्या पुढे ठेवला.

शैलजाबाईंनी पदराला हात पुसले, चष्मा लावला आणि एकेक अक्षर लावून सगळं वाचलं. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"म्हणजे अजून दोनदा झालं, की हे यंत्र तुला वर सोडणार," त्या म्हणाल्या.

"हो."

शैलजाबाईंनी गॅस बंद केला. स्टूल ओढून त्या समोर बसल्या.

"मग बस खाली," त्या म्हणाल्या. "माझं अजून निम्मंसुद्धा बोलून झालेलं नाही."